घरांतील विजेचीं हत्यारें
(नभोवाणीवरील भाषण)

भिंतीवर एक तसबीर टांगावयाची म्हटली, तरी पूर्वीं सुताराची वाट पाहावी लागे. आतां विजेचें ड्रिल पुष्कळ घरांत आलें आहे. हें हातयंत्र जर्मनींतील फाइन यांच्या कारखान्यांत १८९५ सालीं प्रथम तयार झालें. पिस्तुलासारखी मूठ व घोडा असलेल्या ड्रिलचें पेटंट अमेरिकेंतील ब्लॅक आणि डेकर यांना १९१७ सालीं मिळालें.

दुकानांत गेल्यावर "किती वॅटचें?" असें आपण प्रथम विचारतों. पहिला प्रश्न खरोखर "भोंक कशांत पाडावयाचें?" हा असावा. यंत्र केवळ फिरतें. कापतें तें त्याच्या तोंडांत बसविलेलें बिट. विटांच्या भिंतीला टोकाशीं टंगस्टन कार्बाइड जडविलेलें बिट आणि फिरतां फिरतां ठोके देणारें यंत्र लागतें. लोखंडाला हायस्पीड पोलादाचें बिट लागतें व तेथें ठोके बंद ठेवावे लागतात. शिवाय बिट जितकें जाड, तितकी त्याची कड अधिक वेगानें फिरते. म्हणून साध्या लोखंडांत ३ मिलिमीटरचें बिट मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांनीं चालतें, तर १० मिलिमीटरच्या बिटाला सुमारें आठशें फेऱ्या पुरेत. अधिक दिल्यास तें तापून त्याची धार जाते. यास्तव वेग कमीजास्त करतां येणारें यंत्र घ्यावें.

ग्राइंडरच्या बाबतींत चूक केवळ धारेवर निभावत नाहीं. १०० मिलिमीटरची चकती मिनिटाला ११,००० फेऱ्या घेते, तेव्हां तिची कड ताशीं दोनशें किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवत असते. एकदां कोपऱ्यांत अडचण होते म्हणून मीं तिच्यावरील संरक्षक झांकण काढलें. चकती अडकून फुटली आणि एक तुकडा माझ्या चष्म्यावर आदळला. कांच गेली, डोळा वांचला तो केवळ दैवानें. तेव्हांपासून झांकण आणि संरक्षक चष्मा यांवांचून मी यंत्राला हात लावीत नाहीं.

चकतीवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगाहून कमी नसावा. मोठ्या ग्राइंडरची झिजलेली चकती लहानावर बसवूं नये. लांकूड कापण्यासाठीं दातेरी पातें तर ग्राइंडरला मुळींच लावूं नये. तें लांकडांत अडकलें, कीं यंत्र हातांतून उसळतें.

आतां विजेविषयीं. यंत्रावर चौकोनांत चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी विद्युत्‌रोधक आवरण आहे असें समजावें; धातूच्या अंगाच्या इतर यंत्रांना अर्थिंगची तार हवीच. घरांत ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा स्विच बसवून घ्यावा. भिंतींतील तारा बहुधा बटणांच्या पाटीपासून सरळ वर वा खालीं गेलेल्या असतात. त्या रेषेंत भोंक पाडूं नये. बिट किंवा चकती बदलण्यापूर्वीं प्लग काढावा.

यंत्र एकदांच घ्यावयाचें असतें. बिट आणि चकती मात्र दर कामाला नव्यानें निवडावी लागते. त्या निवडीला दोन मिनिटें द्यावीं, म्हणजे तसबीरही सरळ लागेल आणि ती पाहावयाला डोळेही शाबूत राहतील.