पान लागलं, तर आधी कुठे?

देवळीच्या शिवारात पऱ्हाटीला डवरे लागले, बाया निंदणाला वावरात उतरल्या, की एक शब्द हमखास कानावर येतो : ‘पान लागलं.’ साप चावला असं तोंडाने म्हणायचं नाही, म्हणून हा शब्द. पुढे माणसाला कुठे न्यायचं यावर घरात खल चालतो आणि तेवढ्यात विष चढतं. देव मानायचा तर दवाखाना दुय्यम, हा त्यामागचा सगळ्यांत घातक समज.

‘आमच्या बुवांनी कित्येक उठवले,’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. माणसं उठलेली असतात. पण धामण, दिवड, तस्कर हे आपल्याकडचे नेहमीचे साप बिनविषारी. नाग-घोणससुद्धा कधी कधी चावतात आणि विष सोडत नाहीत. त्याला कोरडा दंश म्हणतात. असा माणूस मंत्राविनाही उठलाच असता. पुष्कळ मांत्रिक एक पैसा न घेता, मनापासून उतारा करतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण हेतूने विष उतरत नाही.

कडुनिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही म्हणे. चवीवरून विष कळत नाही. उलट नाग किंवा मण्यारीच्या विषाने पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि तोंडातला पाला घशात अडकतो. मण्यार तर रात्री, जमिनीवर निजलेल्याला चावते. फारसं दुखत नाही, सुजत नाही, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. दवाखान्यातली परीक्षा बघा : काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतात, 20 मिनिटं हलवत नाहीत, मग नळी तिरपी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनलंय. घोड्याला थोडंथोडं विष टोचून त्याच्या रक्तापासून केलेलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालतं. म्हणून साप शोधत बसू नये. भारतात दरवर्षी सर्पदंशाने सुमारे 58,000 माणसं जातात.

सापाबद्दलचे बाकीचे समजही असेच पोकळ : साप दूध पीत नाही, डूखही धरत नाही.

2013 चा जादूटोणाविरोधी कायदा धर्माविरुद्ध आहे, हेही खरं नाही. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना त्यात स्पष्ट मोकळीक आहे.

सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात साप धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा जपून ठेवलाय. साप मारायचा नाही, धरून दूर सोडायचा. रोज प्रार्थना करणाऱ्या त्याच बापूंनी 1924 साली पुण्याच्या ससूनमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन करून घेतलं होतं. त्यांच्या प्रार्थनेत त्याने खंड पडला नाही.

तेव्हा पान लागलं तर चिरा देऊ नका, करकचून बांधू नका, चालवू नका. हात-पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, 108 ला फोन करा, सरळ सरकारी रुग्णालय गाठा. नवस गाडीत बसून बोला. देवळीच्या मिरणनाथ महाराजांना नारळ माणूस घरी आल्यावर फोडा.