होडीला लांबी कोणती भरावी?

कोकणच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या जोडीला फायबरग्लासच्या होड्याही सर्रास दिसतात. अशी होडी खडकावर आपटून तिला खोक पडली, तर ती बुजवायची कशाने? ‘भक्कम लांबी भरा,’ असे कोणीही सांगेल. पण भक्कम म्हणजे काय? दुरुस्ती फसली, तर होडीतली माणसे भर समुद्रात संकटात सापडतील. तेव्हा या प्रश्नाकडे जरा पदार्थविज्ञानाच्या नजरेने पाहू या.

फायबरग्लास म्हणजे काचतंतूंचे कापड आणि त्याला जखडून ठेवणारे रेझिन. होडीवर येणारा ताण मुख्यतः तंतू पेलतात. रेझिन तो एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोचवते. नुसते रेझिन उभ्या भागावरून ओघळते आणि घट्ट झाल्यावर ठिसूळ असते. म्हणून त्यात काही तरी भरण मिसळून लांबी तयार करतात. भरणाचे तीन प्रकार पाहू.

पोकळ काचगोळ्या : या पिठासारख्या बारीक असतात. रेझिनची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.२ ग्रॅम असते, गोळ्यांची ०.२ धरू. दोन्हींचे सारखे घनफळ मिसळले, तर लांबीची घनता ०.७ होईल. म्हणजे ती पाण्यावर तरंगेल! ती पॉलिश कागदाने सहज घासताही येते. पण पोकळ जागा ताण पेलत नाही. म्हणून ही लांबी वरवरचे खळगे सपाट करण्यापुरतीच वापरावी.

अतिसूक्ष्म सिलिका : हिच्या एका ग्रॅममधील कणांचे एकूण पृष्ठफळ सुमारे २०० चौरस मीटर भरते. बॅडमिंटनची जवळजवळ अडीच मैदाने! हे कण हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून जाळे विणतात. ढवळले की जाळे मोडते आणि रेझिन वाहू लागते. थांबले की जाळे पुन्हा जुळते. त्यामुळे लांबी पसरता येते, पण ओघळत नाही. दोन भाग चिकटवण्यास ती उत्तम. मात्र घासायला कठीण.

कुटलेले काचतंतू : लांबीत चीर सरकू लागली, की तिला वाटेतले तंतू तोडावे किंवा उपसावे लागतात. त्यात ऊर्जा खर्च होते आणि चीर अडते. होडीची आतली फासळी तळाला मिळते, त्या कोपऱ्यात ही लांबी गोलाई देऊन भरतात. गोलाईमुळे ताण एका रेषेवर एकवटत नाही. तरीही हे तंतू फार आखूड. ताण वाढला, की ते रेझिनमधून निसटतात. कापडातल्या सलग तंतूंची सर त्यांना येत नाही.

मग आरपार भोक पडले असेल तर? तेथे नुसत्या लांबीवर विसंबू नये. भोकाच्या कडा उतरत्या घासून त्यावर कापड व रेझिन यांचे थर द्यावे लागतात. उतार साधारण १२ ला १ ठेवतात. होडीची जाडी ६ मिलिमीटर असेल, तर कडेभोवती ७२ मिलिमीटर घासायचे. उभ्या कडेपेक्षा चिकटण्याचे क्षेत्रफळ आता सुमारे बारापट झाले. तेवढाच भार बारापट जागेवर वाटला गेला! लांबीचे काम त्यानंतरचे, पृष्ठभाग सारखा करण्याचे.

रेझिन, सिलिका व काचेची धूळ यांना मात्र तुम्ही हात लावू नका. कारागीरही नाकाला मास्क आणि हातात मोजे घालूनच हे काम करतात.

त्याऐवजी शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग करा. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या सारख्या मापाच्या तीन पट्ट्या पाडा : एक नुसती, दुसरीत थर्मोकोलचे दाणे, तिसरीत काथ्याचे लांब धागे. पूर्ण वाळल्यावर प्रथम त्यांची वजने करा. मग प्रत्येक पट्टी दोन विटांवर आडवी ठेवून मधोमध वजने टांगत जा. कोणती हलकी ठरते, कोणती एकदम मोडते आणि कोणती चीर पडूनही धरून राहते, याची नोंद ठेवा. होडीत कोठे काय भरावे, हे त्या नोंदीच तुम्हांला सांगतील.