कीटण काढणारे हात

दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे. खरं तर अशा वेळी दात आधीच सैल झालेले असतात. हिरडी उतरलेली असते, हाड झिजलेलं असतं आणि कीटणाने दातांना लिंपून धरलेलं असतं. ते निघालं की फट जिभेला लागते आणि आळ साफसफाईवर येतो. रुग्णाच्या हाती आरसा देऊन हे नीट समजावणं हे डेंटल हायजिनिस्टचं काम. पण आपल्याकडे ते करायला बहुतेक दवाखान्यांत हायजिनिस्टच नसते.

खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू जिभेने चाचपून पाहा. खरखरीत लागलं तर ते कीटण. लाळग्रंथींची तोंडं तिथे जवळच उघडतात. लाळेतलं कॅल्शियम जिवाणूंच्या थरात मुरतं आणि थर दगडासारखा कडक होतो. मग ब्रशचं काही चालत नाही, ते खरवडणारं अवजार, म्हणजे स्केलरच लागतो. हिरडीखालचं कीटण तर दिसतही नाही, हाताला जाणवावं लागतं. ही नजर आणि हा हात शिकूनच येतो.

अमेरिकेत ब्रिजपोर्ट शहरातल्या डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी 1906 मध्ये आपल्या सहायक आयरीन न्यूमन यांना हे काम शिकवलं. 1913 मध्ये त्यांनी वर्ग काढला आणि पुढच्या वर्षी त्यातून 27 जणी शिकून बाहेर पडल्या. त्यांतल्या कित्येक जणी गेल्या कुठे, तर शहरातल्या शाळांमध्ये, मुलांचे दात साफ करायला आणि मुलांना ते शिकवायला. हा पेशा वाढला तो शाळेच्या वर्गात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे कायद्यांनी त्याला दंतवैद्याच्या देखरेखीत बांधलं.

ती गाठ आता ठिकठिकाणी सैल होते आहे. ब्रिटनमध्ये 1 मे 2013 पासून रुग्ण आधी दंतवैद्याकडे न जाता थेट हायजिनिस्टकडे जाऊ शकतो. दात काढणं, कॅप बसवणं हायजिनिस्टच्या कक्षेत नाही. आपल्या आवाक्याबाहेरचं दिसलं तर रुग्णाला पुढे पाठवणं बंधनकारक आहे. दंतवैद्य नसेल तर गंभीर आजार नजरेतून सुटेल, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण त्यावर उपाय नीट प्रशिक्षणाचा आहे. हायजिनिस्ट एकेका दाताभोवती, गालाच्या आत, जिभेखाली बराच वेळ पाहत असते. जिथे मिश्री आणि गुटखा घरात आहे, तिथे तोंडातला पांढरा चट्टा वेळेवर हेरणारी अशी आणखी एक नजर आपल्याला हवीच आहे.

आपल्या 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने हायजिनिस्टची वेगळी नोंदवही ठेवली. व्याख्येत दात खरवडणं, साफ करणं, चकाकी आणणं होतं, तसंच दातांच्या निगेचं शिक्षण देणंही होतं. म्हणजे शिकवण्याचं काम कायद्याने तेव्हाच मान्य केलं होतं. प्रत्यक्षात मात्र स्केलिंग दंतवैद्यच करतात आणि शिकवायला वेळ उरत नाही.

आणि जे दवाखान्यापर्यंत येऊच शकत नाहीत, त्यांचं काय? अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडातले जिवाणू श्वासाबरोबर फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होऊ शकतो. वृद्धाश्रमातल्या अशा आजींना जिना उतरवून दवाखान्यात कोण नेणार? आरसा, विजेरी आणि स्केलर घेऊन हायजिनिस्टने त्यांच्या खाटेपाशी जावं, काय पाहिलं ते स्वतःच्या सहीने नोंदवावं आणि शंका आली तर दंतवैद्याला फोन करावा. तेवढी मोकळीक तिला मिळायला हवी.