दुभाजकातली कण्हेर आणि गोदामातली सरकी

जालना एमआयडीसीत विषाचा विषय निघाला की बोट आधी भट्ट्यांच्या धुराकडे वळतं. वळायलाच हवं. पण कंपाउंडच्या आत-बाहेर विषारी वनस्पतींचाही मोठा गोतावळा नांदतो आणि त्यांच्याविषयी दोन टोकाच्या समजुती ऐकू येतात. ‘देवाला वाहतो ते कसलं विषारी?’ ही एक. ‘विषारी आहे ना, मग उपटून टाका’ ही दुसरी. दुसरी मानायची, तर ज्या पिकांवर या गावाचं नाव झालं त्यातली काही पिकंच उपटावी लागतील.

कण्हेर रोज नजरेसमोर असते. रस्त्याच्या दुभाजकात आणि कुंपणालगत ती लावतात, कारण तिला पाणी कमी लागतं, ती धूळ सोसते आणि मोकाट जनावरं तिला तोंड लावत नाहीत. जनावरं तोंड का लावत नाहीत, हे मात्र कुणी विचारत नाही. मुळापासून फुलापर्यंत साऱ्या झाडात ओलिअँड्रिनसारखी द्रव्यं असतात. हृदयाच्या पेशींतून सोडियम बाहेर टाकणारी यंत्रणा ती अडवतात. मग उलट्या होतात, नाडी मंदावते, ठोके चुकतात आणि रक्तातलं पोटॅशियम वाढतं.

कण्हेरीच्या नुसत्या वासानं किंवा तिच्या सावलीत झोपल्यानं माणूस दगावत नाही; धोका आहे तो ती पोटात जाण्याचा. जास्त महागात पडते ती ‘वाळलं की विष उतरतं’ ही समजूत. दुभाजकाची छाटणी होते, फांद्यांचा ढीग कडेला पडून राहतो, पानं उन्हात करकरीत वाळतात. ओल्या पानाचा कडूपणा आता तितका जाणवत नाही, म्हणून एरवी तिच्या वाटेला न जाणारी शेळी ती खाते. विष मात्र पानात तसंच असतं. त्या काड्या चुलीत घालू नयेत आणि त्यांवर कणीस किंवा वांगं भाजणं तर नकोच. छाटणीचं काम देतानाच ‘ढीग त्याच दिवशी उचलायचा’ अशी एक ओळ ठेकेदाराच्या कागदात घातली तर पुष्कळ काम होईल.

देवाच्या फुलांबद्दल सांगायचं तर केरळात मे 2024 मध्ये त्रावणकोर देवस्वम मंडळानं नैवेद्य आणि प्रसादात कण्हेरीची फुलं वापरणं बंद केलं. आपण फुलं वाहतो, खात नाही. तरी प्रसादाच्या ताटात पाकळ्या पडणार नाहीत एवढं पाहावं.

पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, याच जातकुळीतली. तिच्या कठीण, तिकोनी बिया पोरं खेळायला गोळा करतात. त्या बियांनी श्रीलंकेत इतके बळी घेतले, की तिथल्या डॉक्टरांनी त्यावर पद्धतशीर चाचण्या केल्या. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधावरचा उतारा म्हणून जी प्रतिपिंडं वापरतात, ती बिट्टीच्या विषावरही चालतात, हे 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून दिसलं. उतारा लागू पडतो, कारण विष आणि औषध हृदयाच्या एकाच ठिकाणी काम करतात. डिगॉक्सिनही डिजिटॅलिस या विषारी झाडातूनच येतं. फरक असा, की गोळीत किती द्रव्य आहे ते मायक्रोग्रॅममध्ये मोजलेलं असतं. पानात किती आहे ते झाडालाच ठाऊक.

आता गोदामात येऊ. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात महिको सुरू केली आणि पुढं हे गाव बियाण्यांचं झालं. इथं कापसाचं बी सर्वांच्या ओळखीचं. एखादी सरकी ब्लेडनं उभी चिरून पाहा. पिवळट मगजात मोहरीहूनही बारीक काळसर ठिपके दिसतील. ती कीड नव्हे, गॉसिपॉलच्या ग्रंथी आहेत. किडीपासून बचावासाठी कापसानं स्वतः तयार केलेलं हे विष.

‘सरकी विषारी, तर म्हशी कशा खातात?’ म्हशीला मोठं पोट आहे. रवंथ करणाऱ्या प्रौढ जनावराच्या पोटात गॉसिपॉलचा बराच भाग प्रथिनांना बांधला जातो आणि निरुपद्रवी होतो. वासराचं ते पोट अजून तयार झालेलं नसतं. कोंबडी आणि डुकराला तर ते नसतंच. म्हणून म्हशीला मानवणारी पेंड वासराला सरसकट घालू नये आणि म्हशीलाही हात राखूनच घालावी. सरकीच्या तेलाबद्दल भीती नको. शुद्धीकरणात अल्कलीची प्रक्रिया होते, तिथं गॉसिपॉल निघून जातं. घाण्यावरचं कच्चं तेल ही वेगळी गोष्ट.

या विषाचा उपयोग करून पाहायचाही प्रयत्न झाला. चीनमध्ये 1970 च्या दशकात पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून गॉसिपॉलच्या गोळ्या हजारोंना दिल्या गेल्या. गुण आला, पण काहींचं पोटॅशियम घसरलं, काहींची प्रजननक्षमता परत आलीच नाही आणि तो नाद सोडावा लागला. ग्रंथी नसलेला कापूसही पूर्वी काढला होता, पण झाडाचं हत्यारच काढून घेतल्यावर किडींनी त्याचा फडशा पाडला. टेक्सासमध्ये काम करणारे डॉ. कीर्ती राठोड यांनी मग बियातलं गॉसिपॉल घटवून पानांतलं तसंच राखलं. त्या कापसाला अमेरिकेत 2018 मध्ये लागवडीची मोकळीक मिळाली. मला हे सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं, कारण त्यांनी झाडातलं विष नाहीसं केलं नाही, फक्त बियातलं कमी केलं.

गोदामातला दुसरा गोंधळ रंगाचा आहे. गुलाबी किंवा लाल बियाणं पाहून ‘ही नवी जातच विषारी’ असं बोललं जातं. रंग जातीचा नसतो. बियाण्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलंय हे कळावं म्हणून तो दिलेला असतो. पिशवीवर तसा इशाराही छापलेला असतो. पेरून उरलेलं असं बियाणं धुऊन दळणं किंवा कोंबड्यांना टाकणं जिवावरचा खेळ आहे. धुतल्यानं रंग गेला तरी औषध जाईलच असं नाही.

ज्वारीला विषारी म्हटलं तर मराठवाड्यात कुणी ऐकून घेणार नाही. भाकरीत काही नसतंच. पण कोवळ्या ताटात धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि जनावरानं ते चावलं की त्यातून सायनाइड सुटतं. पावसानं ताण दिला, ताट सुकून पुन्हा हिरवं फुटलं की धोका सर्वांत जास्त. ‘फुगलंय, तेल पाजा’ म्हणत बसलं तर वेळ निघून जाते. जनावर धापा टाकतं, थरथरतं, लाळ गाळतं. तेव्हा पशुवैद्यकाकडचं थायोसल्फेटचं इंजेक्शनच कामाचं. पीक फुलोऱ्यात आल्यावर धोका बराच उतरतो आणि नीट वाळलेला कडबा बिनघोर घालावा.

एरंडाचं उलटंच आहे. रायसिन हे जहाल विष त्याच्या बीत असतं, तेलात नाही. ते प्रथिन आहे, तेलात विरघळत नाही. पेंडीत राहतं आणि नीट उष्णता दिली तर निकामी होतं. त्यामुळे औषधी एरंडेलाला घाबरायचं कारण नाही, पण खत म्हणून कुंड्यांत घातलेली कच्ची पेंड कुत्र्यानं उकरून खाल्ली तर घाबरावं. आणि एमआयडीसीला एरंड परका नाही. यंत्रांच्या बेअरिंगमध्ये भरतात त्या बहुतेक लिथियम ग्रीसला घट्टपणा देणारं आम्ल एरंडेलापासूनच बनतं.

मोकळ्या प्लॉटवरचा धोतरा ‘नुसती नशा आणतो’ असं समजणाऱ्यांनी त्याचा रोगी पाहिलेला नसतो. तोंड कोरडं, बाहुल्या विस्फारलेल्या, अंगात ताप, भलतीच बडबड आणि काळजाची धडधड. यातलं ॲट्रोपिन हेच फवारणीच्या ऑर्गनोफॉस्फरस विषबाधेवरचं मुख्य औषध आहे. यवतमाळला 2017 मध्ये कापसावरच्या फवारणीनं शेतमजूर दगावले, तसा रुग्ण आला की डॉक्टर ॲट्रोपिनकडेच धाव घेतात. यावरून फवारणीचा त्रास झालेल्याला धोतरा वाटून देण्याची अक्कल मात्र कुणी लढवू नये. एकाच झाडाच्या दोन फळांतली मात्राही सारखी नसते.

सदाफुलीची पानं साखरेसाठी किंवा कर्करोगासाठी चावणाऱ्यांनाही हेच सांगायचं. तिच्यातून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही कर्करोगाची औषधं मिळाली हे खरं, पण टनभर पानांतून जेमतेम काही ग्रॅम हाती येतं आणि ते शिरेतूनच देतात. पान चावून कर्करोग बरा होत नाही.

गाजर गवत थोडक्यात आटोपतो. त्याला हात लावला की सगळ्यांनाच खाज सुटते असं नाही. वारंवार संपर्कानं काहींना वावडं जडतं आणि मग ते सुटत नाही. फुलण्याआधी हातमोजे घालून उपटलं तर त्याचं चांगलं कंपोस्ट होतं.

राहिला घरगुती उपायांचा गैरसमज. मुलानं बिट्टी किंवा मोगली एरंडाची (जट्रोफाची) बी खाल्ली की मिठाचं पाणी, चिंचेचं पाणी पाजून उलटी काढायची धडपड सुरू होते. ती करू नये. उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते आणि मिठाचं पाणी स्वतःच घातक ठरू शकतं. तोंडातले तुकडे काढावेत, चूळ भरायला लावावी, 108 ला फोन करावा आणि ज्या झाडाचं खाल्लं त्याची पान-फळासकट फांदी पिशवीत घालून सोबत न्यावी. मोगली एरंड बहुतेकदा सलाइनवर निभावतो. बिट्टीत मात्र मूल हसतं-खेळतं दिसलं तरी ईसीजी काढून काही तास देखरेखीखाली ठेवावंच लागतं.