कवटी उघडण्याआधी गाठीची ओळख

आयुष्यात पहिल्यांदा फिट आली, एमआरआय काढला आणि मेंदूत गाठ निघाली, की घरचे आधी एकच विचारतात : साधी आहे की कॅन्सरची? गडचिरोली, यवतमाळहून, पार बालाघाट-छिंदवाड्याहून माणसं नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये किंवा मिहानच्या एम्समध्ये येतात, ती हाच प्रश्न घेऊन. न्यूरोसर्जनलाही उत्तर हवं असतं आणि ते ऑपरेशनच्या आधी. घाई किती करायची, गाठ कुठवर काढायची, हे त्यावर ठरतं.

ग्लायोमा या गाठींना जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात १ ते ४ अशी, आक्रमकतेनुसार चढती ग्रेड असते. कॉन्ट्रास्ट दिल्यावर गाठ चमकली तर वाईट, नाही तर बरी, हा जुना ढोबळ हिशेब. तो फसतो. ग्रेड ३च्या काही गाठी अजिबात चमकत नाहीत. उलट लहान मुलांत आढळणारा पिलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा ग्रेड १चा असूनही झगमगतो.

म्हणून परफ्यूजन करतात. शिरेतून वेगाने सोडलेलं गॅडोलिनियम मेंदूतून जाताना सिग्नल क्षणभर खाली येतो. तो किती उतरला यावरून त्या जागी रक्त किती खेळतंय ते काढता येतं. आक्रमक गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या वाढवते, त्यामुळे तिथला आकडा चढतो. न्यूयॉर्कमध्ये १६० रुग्णांवर झालेल्या २००३च्या अभ्यासात निरोगी भागाच्या १.७५ पट ही सीमा धरली, तेव्हा वरच्या ग्रेडच्या ९५ टक्के गाठी पकडल्या गेल्या. पण खालच्या ग्रेडच्या गाठींपैकी जेमतेम ५७.५ टक्केच बरोबर ओळखल्या गेल्या. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा ग्रेड २चा असला तरी रक्ताने भरलेला असतो, हे त्यामागचं एक कारण. नुसत्या आकड्यावर निकाल देऊ नये तो यासाठीच.

डिफ्यूजनमध्ये पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजतात. दिवाळीआधी सीताबर्डीच्या बाजारात पाऊल पुढे टाकायला जागा मिळत नाही, तसं पेशींची दाटी झालेल्या गाठीत पाणी अडतं.

मला सर्वांत मोलाची वाटते ती स्पेक्ट्रोस्कोपी. तिच्यात चित्राऐवजी आलेख मिळतो. निरोगी मेंदूत चेतापेशींचं एनएए हे सर्वांत उंच शिखर. ग्लायोमात ते खचतं आणि पेशींच्या आवरणाशी निगडित कोलीन वर चढतं. आपल्याकडे तर तिचा आणखी एक उपयोग आहे. मेंदूतली प्रत्येक गाठ ट्यूमर नसते, टीबीचीही असते. अशा गाठीच्या, म्हणजे ट्यूबरक्युलोमाच्या, आलेखात १.३ पीपीएमच्या आसपास चरबीचं ठळक शिखर दिसतं, कोलीन सहसा फारसं नसतं. आतून सडलेल्या ग्लायोब्लास्टोमा या आक्रमक ग्लायोमातही चरबी दिसते खरी, पण तिथे जिवंत कडेला कोलीन वाढलेलं असतं. हा फरक नीट वाचला, तर एखाद्या रुग्णाला ऑपरेशनऐवजी टीबीच्या गोळ्यांवर बरं करता येतं.

२०२१च्या वर्गीकरणापासून ग्रेड सूक्ष्मदर्शकाइतकीच जनुकांवरही ठरते, त्यामुळे अंतिम शब्द पॅथॉलॉजीचाच. मात्र गाठ सगळीकडे सारखी नसते. सौम्य भागातून तुकडा घेतला तर बायोप्सीही ग्रेड कमी दाखवते. परफ्यूजनच्या नकाशावर सर्वांत जास्त रक्त जिथे दिसतं, तिथूनच सर्जनने तुकडा घेतला तर ही चूक टळते. हे सगळं त्याच मशीनवर, थोडी अधिक मिनिटं देऊन होतं. भामरागडहून आलेल्या रुग्णाला तपासणीसाठी दुसरी खेप करायला लावण्यापेक्षा पहिल्याच चिठ्ठीवर ‘एमआरआय ब्रेन’च्या पुढे परफ्यूजन आणि स्पेक्ट्रोस्कोपी लिहायला हवं.