शिक्षणाचे अनुदान : संस्थेस की विद्यार्थ्यास?

१

फणसवाडीतील एखाद्या चाळीत राहणाऱ्या कुटुंबास मुलाचे नाव पहिलीत घालावयाचे असेल, तर त्याच्यासमोर साधारणतः तीन प्रकारच्या शाळा असतात. पहिली महानगरपालिकेची, तिचा सर्व खर्च सार्वजनिक निधीतून होतो. दुसरी खाजगी संस्थेने चालविलेली, परंतु अनुदानित. तिच्या मान्य शिक्षकांचे वेतन शासन देते. तिसरी स्वयंअर्थसाहाय्यित, ती पालकांच्या फीवर चालते. गणवेश, दप्तर आणि घंटा तिन्ही ठिकाणी सारखीच असते. भेद आहे तो पैसा कोणत्या वाटेने शाळेपर्यंत पोहोचतो याचा.

ही वाट बदलावी असे म्हणणारा एक पक्ष आहे. शासनाने शाळांना पैसा न देता प्रत्येक मुलाच्या नावे ठराविक रकमेचे व्हाउचर पालकांच्या हाती द्यावे. पालकांनी पसंतीची शाळा निवडावी. शाळेने ते व्हाउचर शासनाकडून वटवून घ्यावे, असे त्याचे प्रतिपादन आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये हा विचार सुसंगत रीतीने मांडला. अशाने सार्वजनिक शाळाच खंगतील, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आहे. या वादाचे नेमके स्वरूप काय, आणि महाराष्ट्रातील, विशेषतः मराठी माध्यमाच्या शाळांच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

व्हाउचर या शब्दास मराठीत रूढ पर्याय नाही. परंतु त्यामागील व्यवहार मात्र अपरिचित नव्हे. फणसवाडीच्या शेजारीच असलेल्या काळबादेवीच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या हुंड्या वटत आल्या. त्यांतील शहाजोग हुंडी अशी, की तिचे पैसे पेठेत पत असलेल्या शहासच मिळत. ती कोणीही आणून वटविता येत नसे. शिक्षणाचे व्हाउचर याच जातीचे होय. ते पालकाच्या हाती असते, परंतु वटविण्याचा अधिकार शासनमान्य शाळेलाच असतो. तेव्हा पालकाचे स्वातंत्र्य हे ‘शहा’ कोणास म्हणावयाचे या शासकीय निर्णयावर अवलंबून राहते, ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

२

‘संस्थेस की विद्यार्थ्यास’ हा प्रश्न मुंबईत नवा नाही. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये स्थापिलेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने पुढल्याच वर्षी मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा तो खर्च शासनाचाही नव्हता आणि पालकांचाही नव्हता. नाना शंकरशेट यांनी गिरगावातील आपल्या वाड्याच्या आवारात अशा एका शाळेस जागा दिली. हे शिक्षण निव्वळ दानावर उभे होते.

१८५४च्या वुडच्या खलित्याने या खाजगी दानाच्या जोडीस सरकारी अनुदान आणले. ‘अनुदान’ या शब्दाची घडण येथे उद्बोधक आहे. ‘अनु’ म्हणजे मागून, अनुसरून. तेव्हा हे दान कोणाच्या मागून जाते हा प्रश्न शब्दातच दडलेला आहे. मुंबई इलाख्यात १८६०नंतरच्या दशकात त्यास दिलेले उत्तर ‘निकालाच्या मागून’ असे होते. निरीक्षक परीक्षा घेई आणि उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या प्रमाणात शाळेस पैसे मिळत. कच्च्या मुलाकडे दुर्लक्ष आणि परीक्षेपुरते पाठांतर हे दोष त्यातून उद्भवले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती पद्धती मागे पडली.

त्याच काळात, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी या प्रश्नाची दिशाच बदलली. शेतकऱ्यांकडून गोळा होणारा महसूल उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले प्राथमिक शिक्षणावाचून राहतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. पैसा कोणत्या वाटेने जातो यापेक्षा तो कोणापासून येतो आणि अखेर कोणापर्यंत पोहोचतो हे पाहावे, ही कसोटी त्यांनी दिली. व्हाउचरच्या वादासही ती तितकीच लागू पडते.

स्वातंत्र्योत्तर काळात या दोन वाटांचा संयोग झाला. अनुदानित शाळांचे वेतन-अनुदान चालू असतानाच, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, वार्षिक १२०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना फी-माफीची सवलत मिळाली आणि फीचा भार शासनाने उचलला. संस्थेस वेतन आणि विद्यार्थ्यास फी, असे हे दुहेरी साहाय्य होते.

३

आजची स्थिती पाहता असे दिसते, की पैसा विद्यार्थ्याच्या मागून जावा हे तत्त्व महाराष्ट्राने दोन निरनिराळ्या प्रकारे स्वीकारलेलेच आहे.

पहिला प्रकार संचमान्यतेचा. अनुदानित शाळेस किती शिक्षक मान्य होतील हे पटसंख्येवर ठरते. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे सर्वसाधारण प्रमाण आहे. पट घटला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याचे अन्यत्र समायोजन होते. अर्थात मुलगा शाळा सोडून गेला तर त्याच्याबरोबर पैसाही जातो. मात्र तो एकेका मुलागणिक न जाता, पटसंख्या विशिष्ट मर्यादेखाली उतरताच एकदम जातो.

दुसरा प्रकार प्रतिपूर्तीचा. याच कायद्याच्या कलम १२ (१) (क) अन्वये खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातील पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यावयाच्या असतात. अर्ज अधिक आल्यास सोडत काढली जाते. शासनाचा प्रतिविद्यार्थी खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती शासन शाळेस परत देते. महाराष्ट्रात २०१९-२० साठी ही कमाल रक्कम १७,६७० रुपये होती. महासाथीच्या २०२०-२१ या वर्षासाठी ती ८,००० रुपये करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी ही तरतूद वैध ठरविली. अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळा तेवढ्या वगळल्या. कागदाचे व्हाउचर हाती न पडताही, व्यवहारतः ही मर्यादित व्हाउचर-योजनाच होय. ‘प्रतिपूर्ती’ या शब्दात आधी झालेला खर्च मागाहून भरून देणे अभिप्रेत आहे. आणि रक्कम मागाहून, तीही विलंबाने मिळते, हीच संस्थाचालकांची प्रमुख तक्रार राहिली आहे.

या दोन प्रकारांचा संघर्ष २०२४ मध्ये उघड झाला. ९ फेब्रुवारी २०२४च्या अधिसूचनेने, शासकीय वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी विनाअनुदानित शाळांना पंचवीस टक्क्यांच्या बंधनातून वगळले. जवळ सार्वजनिक निधीवर चालणारी शाळा असता शासनाने दुसरीकडे पैसे का मोजावेत, हा त्यामागील तर्क होता. नकाशावर फणसवाडी मध्य धरून एक किलोमीटरचे वर्तुळ काढले तर ठाकुरद्वार, चिराबाजार, चर्नी रोड आणि मरीन लाइन्स त्यात येतात. इतक्या दाट आणि जुन्या वस्तीत अनुदानित शाळेपासून एक किलोमीटर दूर असलेली खाजगी शाळा सापडणे दुर्घट. म्हणजे गिरगावसारख्या भागात ही तरतूद जवळजवळ संपुष्टातच आली असती. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी अधिसूचनेस स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती मूळ कायद्याशी विसंगत म्हणून रद्द केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

निकाल कायद्याच्या दृष्टीने निःसंदिग्ध आहे. परंतु अधिसूचनेमागील आर्थिक प्रश्न त्यामुळे सुटला असे म्हणता येणार नाही. जवळच्या अनुदानित शाळेतील बाके रिकामी असतील, तर त्या शाळेचे वेतन आणि दुसऱ्या शाळेची प्रतिपूर्ती असा दुहेरी खर्च शासनास करावा लागतो, हे खरेच आहे.

४

व्हाउचरमुळे शिक्षण सुधारते काय? या विषयीचा भारतातील सर्वांत काळजीपूर्वक केलेला प्रयोग आंध्र प्रदेशातील आहे. कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन यांनी २००८ पासून चार वर्षे चाललेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. सोडतीने व्हाउचर मिळून खाजगी शाळेत गेलेली मुले आणि सोडतीत न निवडलेली मुले यांची तुलना करता, तेलुगू व गणित या विषयांत लक्षणीय फरक आढळला नाही. हिंदीत मात्र व्हाउचरधारक पुढे होते. खाजगी शाळा तेलुगू व गणिताला कमी वेळ देऊन उरलेला वेळ हिंदीसारख्या इतर विषयांना देत होत्या. त्यांचा प्रतिविद्यार्थी खर्च शासकीय शाळांच्या एक-तृतीयांशाहूनही कमी होता. सरकारी शाळेत मागे राहिलेल्या मुलांची हानी झाल्याचेही दिसले नाही.

दोन्ही पक्ष या निष्कर्षांतून आपापल्या सोयीचा भाग उचलतात. एकास ‘कमी खर्चात तेवढेच शिक्षण’ दिसते, तर दुसऱ्यास ‘शिक्षणात वाढ नाही’ एवढेच दिसते. खाजगी शाळेतील काटकसर मुख्यतः शिक्षकांच्या अल्प वेतनातून येते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात ‘कायम विनाअनुदानित’ शाळांच्या बाबतीत हाच अनुभव आला. २००९ मध्ये शासनाने त्या संज्ञेतील ‘कायम’ हा शब्द वगळला. त्या एका शब्दाच्या लोपाने हजारो शिक्षकांच्या आशा जाग्या झाल्या, आणि वीस-वीस टक्क्यांच्या टप्पा-अनुदानासाठी त्यांची आंदोलने त्यानंतर वर्षानुवर्षे चालू राहिली.

चिलीने १९८१ मध्ये संपूर्ण देशात व्हाउचर-पद्धती आणली. तेथे कालांतराने सुस्थित मुले एका प्रकारच्या शाळांत व गरीब मुले दुसऱ्या प्रकारच्या शाळांत अशी विभागणी तीव्र झाली. म्हणून २००८ मध्ये गरीब विद्यार्थ्यांमागे अधिक रक्कम देण्याचा, आणि २०१५ मध्ये अनुदानित शाळांतील निवड-परीक्षा, नफा व जादा फी क्रमाने बंद करण्याचा कायदा तेथे करावा लागला.

५

येथवरचा वाद अर्थशास्त्राचा आहे. मराठी समाजापुढे मात्र त्याची एक बाजू भाषेची आहे, आणि तिची चर्चा पुरेशी होत नाही.

माध्यमाची निवड हा मुलाच्या वतीने पालकाचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकच्या प्रकरणात ६ मे २०१४ रोजी स्पष्ट केले. तो अधिकार अबाधित मानूनही पुढील गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. अन्य वस्तूंची निवड आणि भाषामाध्यमाची निवड यांत स्वरूपतः भेद आहे. शेजाऱ्याने दुसऱ्या दुकानातून तांदूळ घेतला म्हणून आपल्या घरचा भात बदलत नाही. परंतु शेजारच्या दहा कुटुंबांनी मराठी शाळा सोडली, तर अकराव्या कुटुंबाची निवडच नाहीशी होते. कारण तिसांचा वर्ग एका मुलासाठी भरत नाही. भाषा ही व्यक्तीच्या मालकीची वस्तू नसून अनेकांच्या एकत्र वापराने टिकणारा व्यवहार आहे. ज्ञानव्यवहारासाठी ती वापरणाऱ्यांची संख्या एका मर्यादेखाली गेली की ती घरात बोलली जाते, पण गणित, विज्ञान आणि कायदा यांची भाषा राहत नाही.

गिरगावातील मराठी कुटुंबे उपनगरांत गेली, चाळींच्या जागी मनोरे उठले, उरलेल्यांतील अनेकांनी इंग्रजी माध्यम पत्करले. यांतील कोणत्याही एका कुटुंबाने ‘मराठी शाळा बंद पडावी’ असे ठरविलेले नाही. तथापि सर्वांच्या स्वतंत्र निर्णयांची बेरीज तीच होऊ शकते. व्हाउचर ही बेरीज अधिक जलद करते, कारण त्यात प्रत्येक मत स्वतंत्र मोजले जाते आणि एकत्र परिणामाची किंमत कोणाच्याच हिशेबात येत नाही.

याच्या उलट टोकाचा प्रयोग गोव्यात झाला. शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, १९९० मध्ये, प्राथमिक शाळांचे अनुदान कोकणी-मराठी या भाषांच्या माध्यमापुरते मर्यादित करण्यात आले. अनुदान राखण्यासाठी चर्चच्या अनेक शाळांनी कोकणी माध्यम स्वीकारले. परंतु पालकांचा इंग्रजीकडील ओढा त्यामुळे ओसरला नाही. २०११ मध्ये शासनाने इंग्रजी माध्यमासही अनुदानाचे दार उघडले आणि त्यावरून भारतीय भाषा सुरक्षा मंचाचे आंदोलन उभे राहिले. अनुदानाच्या बळावर माध्यम टिकविता येते, परंतु त्याविषयीची इच्छा निर्माण करता येत नाही, असा बोध यातून घेता येईल.

६

या विवेचनावरून असे म्हणणे प्राप्त होते, की ‘संस्थेस की विद्यार्थ्यास’ ही मांडणीच अपुरी आहे. शाळेचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक भाग मुलांच्या संख्येनुसार वाढतो वा घटतो. दुसरा भाग, म्हणजे इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि प्रत्येक विषयास किमान एक शिक्षक, हा शाळा शाळा म्हणून उभी राहण्यासाठीच लागतो. पहिला भाग विद्यार्थ्याच्या मागून जाणे न्याय्य आहे, आणि गरीब मुलामागे तो अधिक असणेही न्याय्य आहे. दुसरा भागही संख्येवरच सोडला, तर ज्यांना मराठी माध्यम हवे आहे अशा अल्पसंख्य पालकांची निवड बहुसंख्यांच्या निवडीने पुसली जाते; आणि ‘निवडीचे स्वातंत्र्य’ या तत्त्वाचाच त्यामुळे भंग होतो. यास्तव प्रत्येक वस्तीत, चालत जाता येईल अशा अंतरावर, मराठी माध्यमाच्या निदान एका शाळेस पटनिरपेक्ष आधार-अनुदान असावे.

रिकाम्या बाकांवर सार्वजनिक पैसा का घालावा, हा यावरील आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर केवळ भाषाभिमानाने देता येणार नाही. आधार-अनुदान घेणाऱ्या शाळेने चांगले इंग्रजी शिकविले पाहिजे, वस्तीतील अमराठी श्रमिकांच्या मुलांनाही सामावून घेतले पाहिजे, आणि आपल्या अध्यापनाचा हिशेब समाजापुढे ठेवला पाहिजे. जेथे जवळजवळच्या दोन-तीन शाळा ओस पडत असतील, तेथे त्यांचे एकत्रीकरण करून एक सुदृढ शाळा राखणे हेच हिताचे. फुल्यांची कसोटी येथेही लागू होते. फणसवाडीत आज मराठी शाळेच्या वर्गात बसलेला मुलगा बहुधा अशा घरचा असतो, ज्याला फी भरून दुसरीकडे जाणे परवडत नाही. अनुदानाची कोणतीही वाट निवडली तरी ती त्याच्यापर्यंत पोहोचते की नाही, हे प्रथम पाहिले पाहिजे.