गळाचा आस

माझ्या डब्यातला वीतभर लांबीचा रबरी मासा पाहून मामा आधी हसले. मग त्यांनी तो हातात घेतला, पोटावर अंगठा दाबून पाहिला, शेपूट हलवली आणि विचारलं, "सर, ह्ये माशाला घालायचं, का पोरास्नी खेळायला?"

केत्तूरच्या बाजूला उजनीच्या फुगवट्याच्या काठावर आम्ही उभे होतो. सोलापूरहून पुण्याकडे जाणारी गाडी जेऊर, पारेवाडी सोडून भिगवणकडे निघाली की खिडकीतून दिसतं, ते हे पाणी. मामांची हयात त्यावर जाळं टाकण्यात गेली. मी मात्र सुट्टीतला गळकरी. रॉड, रील आणि दुकानातून आणलेल्या खोट्या माशांचा डबा घेऊन काठाकाठानं फिरणारा. आम्हा लोकांना मामा 'हवेत दोरा मारणारे' म्हणतात, आणि बहुतेक दिवशी ते खरंही असतं.

त्या रबरी माशाला 'स्विमबेट' म्हणतात. अमेरिकेत बास नावाच्या माशामागे वेडे झालेले लोक तो वापरतात. बास आपल्याकडच्या पाण्यात नाही. रुंद तोंडाचा, दबा धरून बसणारा, मिळेल ते गिळणारा असा तो मासा आहे. आपल्या मरळीचा स्वभाव ठाऊक असलेल्याला तो लगेच ओळखीचा वाटेल. त्याला पकडायला लूर, म्हणजे खोटी आमिषं, शेकड्यांनी मिळतात. फिरणारं पातं, डुगडुगत जाणारा लाकडी मासा, रबरी गांडूळ, जिग म्हणजे शिशाच्या डोक्याचा गळ. नेहमीचं लूर बोटभर लांब आणि दहावीस ग्रॅम वजनाचं असतं. मोठं स्विमबेट वीतभर किंवा त्याहून लांब. 'डेप्स' या जपानी कंपनीच्या पाव मीटर लांबीच्या स्विमबेटचं वजन तर दीडशे ग्रॅमच्या पुढं जातं. ते फेकायला रॉड जाड लागतो, दोरा जाड लागतो आणि संध्याकाळी खांद्याला बाम लागतो. मग एवढा खटाटोप लोक करतात कशाला आणि कधी?

उत्तराचा निम्मा भाग मामांकडेच निघाला. रात्रभर लावून ठेवायच्या गळाला ते गांडूळ लावत नाहीत. तळहाताएवढी जिवंत चिलापी लावतात. कारण विचारलं तर म्हणाले, "गांडूळ लावलं की बारकी बारकी येऊन कुरतडून जात्यात. सकाळी गळ रिकामा. चिलापी बारक्याच्या तोंडात मावतच न्हाई." आणि मग जाळ्याकडं बोट दाखवून, "आस मोठा ठेवला की बारकं आपसूक निसटतं, तसंच."

जाळ्याच्या दोऱ्यांमधल्या चौकोनाला आस म्हणतात, हे कोळी-भोयांच्या घरात पोरासोरांनाही माहीत असतं. गळालाही आस असू शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मोठं आमिष मासा ओढून आणण्याआधी नको असलेले मासे गाळून टाकतं.

कॅलिफोर्नियातल्या लोकांना हे दुसऱ्या वाटेनं कळलं. १९५९ मध्ये फ्लोरिडातून बासची एक जात आणून सॅन दिएगोच्या तलावांत सोडली. ही जात वाढते फार. पुढे दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जलाशयांत दर हिवाळ्याला आणखी एक गोष्ट होऊ लागली. हौशी गळकऱ्यांसाठी सरकारी टँकरमधून रेनबो ट्राउट आणून ओतायचे. ट्राउट लांबट, मऊ अंगाचा, चरबीदार आणि हौदात वाढल्यामुळे बावळट. बासच्या दृष्टीनं हे घरपोच जेवण. लॉस एंजेलिसच्या उत्तरेच्या कॅस्टेइक तलावातले बास ट्राउट खाऊन डुकरासारखे फुगले. आता ज्या माशाला वीतभर ट्राउट गिळायची सवय लागली, तो बोटभर रबरी गांडुळाकडं कशाला बघेल? अ‍ॅलन कोल यांनी लाकडाचं धड आणि रबराची शेपूट जोडून ट्राउटएवढं लूर केलं. पुढं केन हडलस्टन यांनी आठ इंची मऊ ट्राउट असा हुबेहूब घडवला की तो मासळीबाजारात ठेवला तर गिऱ्हाईक भाव विचारील. मोठ्या स्विमबेटची चाल तिथून सुरू झाली. लूर मोठं झालं, कारण त्या पाण्यातला घास मोठा होता.

यात साधं गणितही आहे. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, आठपटीच्या आसपास जातं. चार इंची माशामागे आठ वेळा धावण्यापेक्षा आठ इंची एकदाच गिळणं म्हाताऱ्या, जडावलेल्या माशाला परवडतं. धावण्यात ताकद जाते आणि त्याचा हिशेब पोटाला कळतो. वरची मर्यादा घालतो तो जबडा, आणि त्यात भक्ष्याच्या लांबीपेक्षा उंची आडवी येते. ट्राउट सडपातळ म्हणून लांब असला तरी घशाखाली उतरतो. चिलापी ताटलीसारखी उंच आणि पाठीवर काटे. ती डोक्याकडून गिळली तरच काटे मागे पडतात. म्हणून ट्राउटच्या मापाचा रबरी मासा आणून उजनीत फेकणं हे नक्कल करताना पानच चुकण्यासारखं आहे. माझं पहिलं स्विमबेट तसलंच होतं. पैसे गेले, आणि कोणाला सांगायची सोय नाही.

मग बासवाले मोठं लूर कधी काढतात? पहिली अट, त्या पाण्यात खरोखर मोठे मासे हवेत. किलोभराचेच मासे असलेल्या तळ्यात दीडशे ग्रॅमचं लूर फेकणारा माणूस व्यायाम करत असतो. दुसरी, पाणी स्वच्छ हवं, कारण हा फसवणुकीचा खेळ डोळ्यांचा आहे. मात्र फार स्वच्छ आणि आरशासारखं शांतही नको, नाहीतर मासा मागेमागे येतो, निरखतो आणि निघून जातो. वाऱ्यानं पाण्यावर सुरकुत्या उठल्या, आभाळ भरून आलं, पहाट किंवा तिन्हीसांज असली की खोटेपणा झाकला जातो. तिसरं, हंगाम. अंडी घालण्याआधी माद्या काठाशी येतात आणि खादाड असतात, तेव्हा. ट्राउट सोडल्याच्या दिवशी तर टँकरच्या मागे गळकऱ्यांच्या गाड्या लागतात. चौथं कारण मला सगळ्यात मजेशीर वाटतं. ज्या तलावावर रोज शंभर माणसं तीच ती छोटी लूर फेकतात, तिथले मासे ती ओळखायला लागतात, आणि त्यांना वेगळं काहीतरी दाखवावं लागतं.

उलट हवा अचानक गार पडून मासे सुस्तावले, किंवा नुकत्याच फुटलेल्या पिल्लांचे थवे पाण्यात असले आणि सगळे त्यांच्यावरच तुटून पडत असले, की मोठं लूर डब्यात जातं आणि छोटं बाहेर येतं. मोठा मासा मोठंच खातो, हे अर्धसत्य आहे. जबडा वरची मर्यादा घालतो, खालची नाही. पंगतीत पोटभर जेवलेला माणूस जाताजाता बडीशेप उचलतोच की.

स्पर्धेत खेळणारे तर मोठ्या लूरला बिचकतात. तिथं दिवसाला पाच मासे मोजले जातात, आणि दिवसभरात दोनच लागले तर गाशा गुंडाळायचा. तरी २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच क्लिअर लेकवर स्टीव्ह केनेडी यांनी मुख्यतः स्विमबेटवर भर देऊन चार दिवसांत वीस मासे धरले. वजन १२२ पौंड १४ औंस, म्हणजे सुमारे ५६ किलो. तेव्हाचा तो विक्रम होता, आणि त्यानंतर बिचकणारेही डब्यात एखादं ठेवू लागले.

पण विक्रमांच्या यादीत एक गंमत आहे. सगळ्यात मोठ्या बासचा मान अमेरिका आणि जपान यांच्यात वाटलेला आहे. १९३२ च्या २ जूनला जॉर्जियात जॉर्ज पेरी या शेतकऱ्यानं २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंचा बास धरला, तो साध्या लाकडी लूरवर. २००९ च्या २ जुलैला जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याच्यापेक्षा औंसभरानं जड मासा काढला. जुना विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात, म्हणून बरोबरी. कुरितांच्या गळाला जिवंत ब्लूगिल होता. हा मासा आपल्या चिलापीसारखाच उंच, चपटा आणि काटेरी. मामांनी हे ऐकून मान डोलावली. "मग त्येनं बरोबर केलं," एवढंच म्हणाले.

बास जपानचाही नाही. १९२५ मध्ये तेत्सुमा आकाबोशी नावाच्या गृहस्थांनी तो हाकोनेजवळच्या आशी सरोवरात सोडला. पुढं तो देशभर पसरला, स्थानिक मासे खाऊ लागला, आणि २००५ मध्ये कायद्यानं त्याची वाहतूक आणि नव्या पाण्यात सोडणं बंद केलं. तिकडं मोठ्या स्विमबेटची कारागिरी जगात सर्वांत नाजूक, आणि ज्या माशासाठी ती, तो कायद्यानं उपरा.

उजनीचं तसंच काहीसं आहे. चिलापी मूळची आफ्रिकेची, भारतात आली १९५२ मध्ये. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पैदास कमी पडत नाही. आज भिगवणच्या मासळीबाजारात आणि रस्त्याकडेच्या खानावळींत तिचाच बोलबाला. या खोऱ्याचे मूळचे मासे कोणते, हे सांगणारा एक जुना दस्तऐवज आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतले कितीतरी मासे त्यात आहेत, आणि तेच पाणी पुढं भीमेतून उजनीत येतं. इथल्या मासेमारांच्या तोंडची नावंच त्यानं लॅटिन साजात बसवली. म्हणून शिंगाड्याचं शास्त्रीय नाव आजही 'सीनघाला', शिंगटीचं 'सींगटी', आणि दख्खनी महसीरचं 'खुद्री'. जगभरच्या मत्स्यशास्त्रज्ञांना रोज मराठी बोलावं लागतं, हे त्यांच्या गावीही नसेल.

धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, आणि वाहत्या पाण्यातल्या माशांना साचलेलं पाणी मिळालं. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे शून्याखाली मोजलं जाणारं तळाचं पाणी. म्हणून सोलापुरात 'उजनी मायनसमध्ये गेली' असं आपण म्हणतो तेव्हाही आत पुष्कळ पाणी असतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती. पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं, जुन्या गावांची जोती दिसतात, आणि मासे उरलेल्या खोल डोहांत गर्दी करतात. अशा वेळी मोठ्या माशाला शिकार शोधावी लागत नाही, आणि गळकऱ्यालाही मासा शोधावा लागत नाही.

तरी इथं मोठं स्विमबेट चालवणं अवघड, कारण पाणी हिरवं. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांतून इथं उतरतं आणि शेवाळ माजतं. हातभर खोलीवर दिसेनासं झालं की हुबेहूब रंगवलेल्या खवल्यांचा उपयोग शून्य. तिथं शेपटीचा थरथराट कामी येतो, आणि माझ्या अनुभवात गडद रंग.

मरळीसाठी तर बहुतेक गळकरी रबरी बेडूक वापरतात. ती जलपर्णी आणि गवताखाली बसते, हवेत तोंड काढून श्वास घेते. स्विमबेटच्या पोटाखाली लोंबणारे तिहेरी गळ पहिल्याच फेकीत जलपर्णीत अडकतात. बेडकाचे गळ पाठीला चिकटलेले असतात, म्हणून तो गवतावरून सरकत जातो. पावसाळ्यात मरळीची पिल्लं पाण्यावर लालसर थव्यानं फिरतात आणि खाली आईबाप राखण करतात. त्या थव्यात काहीही फेका, आईबाप तुटून पडतात. ती भूक नसते, तो राग असतो. तिथं आमिषाचं माप लावण्यात अर्थ नाही, आणि माझ्या मते तिथं गळ टाकण्यातही नाही. मोठी मरळ गेली की थव्याभोवती चिलापी जमते.

मग माझं स्विमबेट कुठं चालतं? हिवाळ्यात, जुन्या नदीपात्राच्या काठावर, जिथं उथळ पाणी एकदम खोल होतं. वितीपेक्षा लहान, चिलापीसारखं उंच, आणि सावकाश ओढलेलं. दिवसभरात तीनशे फेकी टाकाव्यात आणि एखाद्या वेळी मागून पाणी फुगावं, एवढीच कमाई. तेवढ्यानं ठिकाण कळतं. तिथं मग छोटं लूर टाकता येतं. बासवालेही हेच करतात.

मामांना या सगळ्यापेक्षा वडापाची चिंता आहे. बारीक आसाचं ते जाळं कोवळी पिल्लंसुद्धा उचलतं, आणि ते वापरणाऱ्यांवरून काठाकाठावर भांडणं होतात. "ज्याचा आस बारका त्येच्या हाती आज मासा," ते म्हणतात, "उद्याला नुसतं पाणी." काठावर गळ टाकायचा तर आधी तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारावं. आणि होडीत बसायचं तर लाइफ जॅकेटशिवाय बसू नये. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा माणसं गेली. उन्हाळ्याच्या दुपारनंतर हे पाणी समुद्रासारखं वागतं.

गेल्या माघात मामांनी चिलापी लावलेल्या गळावरून दोन हात लांबीचा शिंगाडा काढला. पन्नास पावलांवर मी सकाळपासून रबरी चिलापी फिरवत होतो. दुपारी एकदा दोरा ताणला गेला, रॉड वाकला आणि क्षणात सैल पडला. लूर ओढून घेतलं तर शेपटीचा तुकडा गायब, आणि उरलेल्या भागावर अर्धगोल खूण. मामांनी ती निरखून पाहिली आणि कासव म्हणून निकाल दिला. ते लूर मी अजून जपून ठेवलं आहे. माझ्या मते ती मरळ होती.